बंपरला दाण्याचं कूट

सुदामा नगर, इंदूर
अनंत चतुर्दशी, दुपार

तीर्थस्वरूप शशीताई,

तुमच्या डाव्या गुडघ्याला माझा वाकून नमस्कार आणि उजव्याला अनेक आशीर्वाद (तो चैत्रात बसवलेला, म्हणजे माझ्याहून पुष्कळ लहान आहे). इकडे आम्ही दोघं ठीक. यांचा खोकला आपल्या वेळेवर येतो आणि आपल्या वेळेवर जातो, चहापाणी मागत नाही. तुळस बरी आहे. तुमच्या खालच्या खोल्या मी सोमवारी सोमवारी उघडून हवा देते. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, त्याला मी मुद्दाम चावी दिलेली नाही. खाली कुणी नाही तर त्याने टोले कुणासाठी द्यायचे. तिकडे पुण्यात तुमची तब्येत कशी आहे ते खरं कळवा. खरं म्हणजे पत्राने. फोनवर तुम्ही "बरं आहे" एवढंच म्हणता, कारण शंतनु तो फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवतो, मागे सूनबाईंचा मिक्सर फिरत असतो, आणि एवढ्या दरबारात माणूस "बरं आहे" याच्यापलीकडे काय बोलणार. (हे म्हणाले, आजकाल पत्र कोण लिहितं. मी म्हटलं, ज्याला स्पीकरवर बोलायचं नसतं तो.)

तर विषय भाऊजींच्या गाडीचा. मागच्या आठवड्यात शंतनुचा फोन आला की काकू, बेटम्याचे एक गृहस्थ रविवारी गाडी पाहायला येतील, आईला विचारलं, ती बरं आहे म्हणाली, तेव्हा तुम्ही फक्त जरा पुसून ठेवा. (पाहा, तुमच्या "बरं आहे"चं कुठं कुठं काय होतं ते.) तुमचा मुलगा वाईट नाही हो, मीच त्याला मांडीवर घेऊन घुटी पाजलेली आहे. भाऊजी जाऊन पुढच्या माघात दोन वर्षं होतील, गाडी उभ्या उभ्या खराब होते, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण मग तो म्हणाला, गाडी गेली की खालचा मजला भाड्याने द्यायचंही बघू, आईला आता तिकडे एकटं कसं ठेवायचं. एकटं. मी वर राहते, तुम्ही खाली, एकीच्या फोडणीने दुसरीला ठसका लागायचा इतक्या जवळ आपण दोघी जावा आयुष्यभर राहिलो, आणि हा त्याला एकटं म्हणतो. माझ्या जिभेवर पुष्कळ आलं होतं. पण मोठ्या जाऊबाईंच्या मनात काय आहे ते कळल्याशिवाय धाकटीने तोंड उघडू नये, हे मला तुम्हीच शिकवलंत. म्हणून नुसतं "पुसून ठेवते" म्हटलं.

आता पुसणं म्हणजे किती मोठं शास्त्र आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साठी उलटल्यावर भाऊजींनी मला गाडी चालवायला शिकवली, पण धुवायला कधी हात लावू दिला नाही. रविवारी सकाळी ते अर्ध्या बाह्यांचा बनियन घालून एकटेच धूत बसायचे, आणि बंपर धुताना नंबराच्या पाटीच्या डाव्या अंगाला आले की हात एकदम हलका करायचे, लहान बाळाची टाळू धुवावी तसा. हे म्हणायचे, "दादा, जोर लावा जरा." तर ते म्हणायचे, "चिंत्या, तू पेपर वाच." ते काय चाललंय याचा मी कधी विचार केला नाही. तो त्याच वेळी केला असता तर हे पत्र अर्ध्यावर संपलं असतं.

मोबाईलवर एक दाढीवाला माणूस घरच्या घरी गाडी कशी चमकवायची ते दाखवतो. मी त्याला गुरू केला. पहिला धडा, दोन बादल्या. एकीत साबण, दुसरीत साधं पाणी. फडकं साबणात बुडवून गाडीवर फिरवायचं, साध्या पाण्यात खंगाळायचं, मग पुन्हा साबणात, म्हणजे निघालेली धूळ परत गाडीवर जाऊन चरे पाडत नाही. हे मला फार पटलं. खरकटं वेगळं आणि धुतलेलं वेगळं, यात नवीन ते काय. दुसरा धडा, भांड्यांचा साबण लावायचा नाही, त्याने रंगावरचं मेण निघून जातं आणि गाडीचं अंग कोरडं पडतं. गाडीचा शाम्पू वेगळा मिळतो, पण मी विचार केला, तुमच्या माहेश्वरी साड्या मी इतकी वर्षं रिठ्याच्या पाण्यात धुतल्या, त्यांचं एक सूत हललं नाही, तर पत्र्याचं काय बिघडणार. रात्रभर रिठे भिजत घातले, सकाळी कुस्करून गाळले, आणि ताई, असा फेस आला की गाडी दिसेना. हे ओटल्यावर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "शिकेकाई पण लाव. वर जरा टक्कल दिसून राहिलंय तिला." मी लक्ष दिलं नाही. धुऊन, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने टिपून घेतली (घासायचं नाही, टिपायचं, शंतनुचं डोकं आपण टिपायचो तसं), तर चांदीचं ताम्हण निघाल्यासारखी गाडी निघाली.

आणि मग त्या चांदीत ते काळं प्लास्टिक डोळ्यांत खुपायला लागलं. तुम्हाला आठवतंय का, पुढच्या बंपरची ती खालची रुंद पट्टी, दारांवरच्या पट्ट्या, आरशांच्या पाठी, काचेखालची जाळी. हे सगळं घेतलं तेव्हा काळंभोर होतं. पण गाडीचं नाक पोर्चमध्ये मावत नाही, ते कायम पश्चिमेच्या उन्हात. उन्हाने सगळं राखुंडी पडलं होतं, भाजायला ठेवून विसरलेल्या वांग्याच्या सालीसारखं. त्यात दारांच्या पट्ट्यांवर भाऊजींच्या पॉलिशचे पांढरे ओघळ वाळून बसलेले. गुरूने सांगितलं की असे डाग खोडरबराने निघतात. शंतनुच्या शाळेच्या कंपासपेटीत एक खोडरबर सापडलं (तुम्ही काही टाकत नाही म्हणून मी तुम्हाला बोलते, ते शब्द परत घेते), आणि खरंच निघाले हो डाग, जणू पेन्सिलीनेच काढले होते.

पण राखुंडी काही खोडरबराने जाईना. तेव्हा मी दुसऱ्या एका बाईचा नुस्खा पाहिला की अशा प्लास्टिकला पीनट बटर चोळा, शेंगदाण्यातलं तेल प्लास्टिक पिऊन घेतं आणि काळं होतं. पीनट बटर आपल्या घरात कुठलं. पण पीनट बटर म्हणजे शेवटी काय, तेलात वाटलेले दाणे. ते तर मी झोपेत करीन. दाणे खमंग भाजले, सालं पाखडली, मिक्सरमधून कूट काढलं, गोडंतेल घालून गुळगुळीत वाटलं. (सवयीने चिमूटभर मीठही पडलं. साखर नाही घातली, एवढी अक्कल शिल्लक होती.) संध्याकाळी जुन्या दातघासणीने सगळ्या प्लास्टिकला लेप दिला. उरलेलं यांनी भाकरीबरोबर खाल्लं आणि छान झालंय म्हणाले.

सकाळी गॅलरीतून वाकून पाहते तर बंपर काळाकुळकुळीत. मला वाटलं, जिंकले. चहाचा कप हातात घेऊनच खाली धावले. जवळ जाऊन पाहते तर मुंग्या. पट्टीभर, एकीला एक लागून, सुदामा नगरातल्या असतील नसतील तेवढ्या सगळ्या, आणि त्यांच्या मागे अन्नपूर्णेच्या देवळापासून बोलावलेल्या. डाव्या आरशावर एक खार दोन्ही हातांनी कूट खरवडून खात बसली होती, मला पाहूनही उठली नाही. आणि मागचा बंपर समोरच्या विजयभियांचा कुत्रा इतक्या मनापासून चाटत होता की त्याला हाकलणं मला जेवत्या पानावरून उठवल्यासारखं वाटलं. विजयभिया साखळी घेऊन धावत आले, म्हणाले, "काकीजी, ये क्या लगा दिया, ये घर का खाना ही नहीं खा रहा आजकल." मागून यांचा आवाज आला, "वरून जरा सेव आणि जीरावण मसाला भुरभुर, म्हणजे आपल्याला पण नाश्त्याला बाहेर जायला नको."

ते सगळं काढण्यात पूर्ण दिवस गेला. कोमट पाणी, मऊ ब्रश, रिठा, पुन्हा पाणी. खाचांतलं कूट मी काडीला कापूस गुंडाळून काढलं. एवढं मन लावून मी स्वतःचे कान कधी साफ केले नसतील. मग मात्र घरगुती शहाणपण गुंडाळून ठेवलं, अन्नपूर्णेच्या रस्त्यावर गाडीच्या सामानाचं दुकान आहे तिथे गेले आणि प्लास्टिकला लावायची खरी बाटली आणली. तिच्यावरचं बारीक अक्षर यांच्या भिंगातून दोनदा वाचलं. प्लास्टिक आधी धुऊन कोरडं ठणठणीत करा. उन्हात लावू नका. शेजारच्या रंगाला चिकटपट्टी लावून झाका. स्पंजावर थोडंसंच घ्या, पातळ हात द्या, जरा मुरू द्या, जास्तीचं पुसून काढा, नाहीतर ओघळतं आणि धूळ धरतं. म्हणजे थालीपिठाला तेल सोडतो तसं, माफक. तसंच केलं. ऊन उतरल्यावर बसायचा वेताचा मोडा घेऊन बसले आणि पट्टी पट्टी करत गाडीला फेरी घातली. ताई, काय सांगू, स्पंज जिथून फिरेल तिथून काळेपणा उगवत जायचा. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कुणी त्याच्या तरुणपणच्या नावाने हाक मारावी आणि त्याने झटकन मान वर करावी, तसं ते प्लास्टिक मान वर करत होतं. शेवटी पुढचा बंपर. तोही झाला, अगदी एकसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाभोर. मी उठून दोन पावलं मागे गेले, कमरेवर हात ठेवले, आणि तेव्हा मला दिसलं.

दिसलं म्हणजे, दिसलं नाही. तुमचा सातिया दिसला नाही.

भाऊजी दसऱ्याला गाडीची पूजा करताना रंगावर काही काढू द्यायचे नाहीत. "शशी, पत्र्यावर नको, डाग पडतो." म्हणून तुम्ही खाली बसून नंबराच्या डाव्या अंगाला, त्या काळ्या प्लास्टिकवर स्वस्तिक काढायचात. तेही आपल्याकडच्यासारखं ओल्या कुंकवाचं नाही, दूध घालायला यायच्या त्या धापूबाईंनी शिकवलेलं, तेलात कालवलेल्या शेंदराचं. त्या त्याला सातिया म्हणायच्या म्हणून आपणही सातियाच म्हणायला लागलो. दर दसऱ्याला त्याच जागी, जुन्याच्या रेघेवरून नवा. शेंदूर वर्षभरात उडायचा, पण तेल मुरलेलं राहायचं. उन्हाने बाकी सगळी पट्टी राखुंडी पडली आणि जिथे तुमचं बोट फिरलं होतं तेवढीच जागा काळी राहिली. राखेत काढल्यासारखा काळा सातिया. रोज जाता येता दिसायचा, म्हणून मला कधी दिसला नाही. भाऊजी कशासाठी हात हलका करत होते ते मला स्पंज हातात धरून, सगळं पुसून झाल्यावर कळलं. तो कुणी खोडला नव्हता, ताई. मी बाकीचं सगळं त्याच्यासारखं करून टाकलं होतं, एवढंच.

मी ओटल्यावर बसले. हे आले, काय झालं म्हणाले, मी बंपरकडे बोट दाखवलं. यांनी वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. मग खाली बसून त्या जागेवरून बोट फिरवत राहिले, खाच लागते का बघत. म्हणाले, "इथेच होता. दादा म्हणायचे, गाडी भंगारात जाईल पण शशीचा सातिया राहील." मग बराच वेळ आम्ही दोघं बंपरसमोर बसून होतो. येणारे जाणारे बघत होते, देवळात बसल्यासारखे हे दोघं गाडीपुढे का बसलेत म्हणून. यांनी या वेळी शिकेकाईचं नाव काढलं नाही.

रविवारी बेटम्याचे गृहस्थ आले. माणूस सज्जन, पांढरे कपडे, बूट ओटल्याखाली काढून आत आला. गाडीभोवती फिरून "एकदम चकाचक" म्हणाला आणि काळ्या पट्टीवरून हात फिरवायला लागला तर मी म्हटलं, तिथे नको, ओलं आहे. (ओलं नव्हतं.) मग मी त्याला पोहे दिले आणि गाडीची खरी खरी माहिती दिली. दुसरा गिअर पडायच्या आधी कुरकुरतो. हॉर्न वळणावर आपोआप वाजतो, सरळ रस्त्यावर वाजवावा तर वाजत नाही. मागचं डावं दार आतून उघडतं, बाहेरून उघडायला आधी उजवं उघडून आत जावं लागतं. प्लास्टिकला मध्यंतरी दाण्याचं कूट लावलं होतं, तेव्हापासून खारी ओळख ठेवून आहेत. त्याने बशी खाली ठेवली. म्हणाला, "माताजी, आप गाड़ी बेच रहे हो कि बचा रहे हो?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. आणि दोन दिवसांवर श्राद्धपक्ष, त्यात कुणी गाडी घेतं का, असं सहज सुचवलं. हे त्याला पटलं. दसऱ्यानंतर येतो म्हणाला, आणि पोह्यांची दुसरी बशी खाऊन गेला. शंतनुला मी एवढंच कळवलं की गाडी त्यांना आवडली. हे तर खरंच आहे.

असो. बाकी सगळं क्षेम. उजव्या गुडघ्याला चालवत जा, लाडावू नका. सूनबाईंना आशीर्वाद, शंतनुच्या पाठीत एक धपाटा, पण हळूच.

तुमची धाकटी जाऊ,
यमुना

ता. क. मेतकुटाला डाळं किती आणि गहू किती ते मी पुन्हा विसरले. कळवावं.

ता. क. दुसरा. मेतकुटाचं मला पाठ आहे. विचारायचं ते निराळंच आहे. भाऊजी गेल्यानंतरच्या दसऱ्याला तुम्ही शेंदराची वाटी माझ्या हातात दिलीत आणि मागे सरलात, म्हणालात, आता तू काढ. आणि मी बोटाला बांधलेली चिंधी पुढे करून म्हटलं, विळीवर कापलं ताई, तेल झोंबेल, तुम्हीच काढा. तुम्ही इकडे तिकडे पाहिलंत, कुणी काही म्हणालं नाही, आणि काढलात. ताई, माझं बोट कापलेलं नव्हतं. या दसऱ्यालाही कापणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. तेव्हा सातिया काढायला तुम्हालाच यावं लागेल. पुसला मी, पण काढायचा हात तुमचा आहे. गाडी विकायचीच असली तर सातिया काढून मग विकू. आणि विकायची नसली तर मी चालवीन. तुम्ही शेजारी बसून नेहमीसारखं "यमू, ब्रेक" म्हणायचं. खालचा मजला कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, ते घड्याळाला चावी देऊन झाल्यावर ठरवू.

ता. क. तिसरा, दुसऱ्या दिवशी सकाळी. पाकीट डकवायच्या आधी हे लिहिणं भाग आहे. काल विसर्जनाच्या गडबडीत कुणाच्या तरी मुठीतला गुलाल उडून गाडीवर पडला, म्हणून आज पहाटे पुन्हा धुतली (या वेळी गाडीच्या शाम्पूने). धुऊन टिपत होते तर नंबराच्या डाव्या अंगाला पट्टी जराशी फिकी पडली होती, आणि त्या फिक्यात एक काळी रेघ. मग दुसरी. यांना हाक मारली. हे दात घासता घासता आले आणि ब्रश तोंडात ठेवूनच उभे राहिले. बाटलीतल्या औषधाने सगळं सारखं केलं होतं, पाण्याने ज्याचं त्याला परत दिलं. तुमचा सातिया होता तिथेच आहे, ताई. म्हणजे वर मी तुम्हाला बोलावण्याचं जे कारण लिहिलं ते आता कारण राहिलेलं नाही. वरचं पान फाडून नवं लिहिता आलं असतं, नाही फाडलं. कारण नसताना या.

बाटलीत अजून निम्मं औषध आहे. बाटलीवर लिहिलंय, फिकं पडलं की दुसरा हात द्यावा. देऊ की नको, ते येऊन सांगा. फोनवर सांगू नका. फोनवर तुम्ही बरं आहे म्हणाल.